डबा उघडला की भुगा: सहलीला नेलेले ओट्सचे फ्लॅपजॅक का मोडतात आणि त्यावर काय करावे

गेल्या जानेवारीत आम्ही दोन-तीन कुटुंबे मिळून ठाण्याजवळ येऊरला गेलो होतो. ऐरोलीहून निघण्यापूर्वी मी डबा उघडून पाहिला, तेव्हा फ्लॅपजॅकच्या सोळा वड्या ओळीने व्यवस्थित बसलेल्या होत्या. झाडाखाली सतरंजी अंथरून तोच डबा पुन्हा उघडला, तेव्हा त्यात चार वड्या शिल्लक होत्या आणि उरलेल्या बारांचा भुगा झाला होता. माझ्या दिरांनी चमचा मागितला, कागदी द्रोणात तो भुगा वाढून घेतला आणि "वहिनी, चिवडा छान झालाय, फक्त गोड झालाय," असे म्हणून दुसरा द्रोण पुढे केला. चवीबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. तक्रार होती ती माझी, कारण हा प्रकार त्यानंतरही वेगवेगळ्या रूपांत दोनदा घडला, आणि चौथ्या खेपेला वड्या अखंड पोहोचल्या तेव्हा आधीच्या तिन्ही वेळा नेमके काय चुकत होते ते उलगडले. त्या सर्व चुकांचा आणि उपायांचा हा तपशील आहे.

ज्यांनी हा पदार्थ केलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. फ्लॅपजॅक हा ब्रिटनमधील घरगुती पदार्थ असून ओट्स, बटर, साखर आणि गोल्डन सिरप (साखरेचा तयार दाट पाक) एवढ्या चार जिनसा एकत्र करून, ट्रेमध्ये थापून, भाजून त्याच्या वड्या पाडतात. अमेरिकेत हेच नाव तव्यावरच्या पॅनकेकला आहे, त्यामुळे व्हिडिओ शोधताना समोर जाडसर घावन आले तर गोंधळून जाऊ नये. सहलीसाठी हा पदार्थ सोयीचा आहे, कारण त्यात अंडे नाही, क्रीम नाही, तो फ्रिजबाहेर तीन-चार दिवस सहज टिकतो आणि केकसारखी ताटल्या-सुऱ्यांची तयारी त्याला लागत नाही. अट एकच असते, ती म्हणजे वडी डब्यातून उचलल्यावर हातात अखंड यायला हवी.

येऊरच्या अनुभवानंतर मी जो हिशेब केला तो बहुतेक जण करतील असा होता. भुगा झाला म्हणजे चिकटपणा कमी पडला, आणि चिकटपणा कमी पडला म्हणजे बटर कमी पडले. म्हणून मार्चमध्ये कर्नाळ्याला जाताना १२५ ग्रॅमऐवजी १७५ ग्रॅम बटर घातले. पनवेल ओलांडेपर्यंत डब्यातील कागद तुपकट होऊन पारदर्शक झाला होता, आणि वड्या पहिल्या खेपेपेक्षाही लवकर सुटल्या. पक्षी अभयारण्यात खाद्याचे कण जमिनीवर सांडणे बरे नव्हे, माकडांना एकदा त्याची सवय लागली की ती पुढच्या माणसाच्या पिशवीत हात घालतात, म्हणून तो डबा आम्ही गाडीतच चमच्याने संपवला. तिसऱ्या खेपेला मी भाजण्याची वेळ दहा मिनिटांनी वाढवली. त्या वड्या मोडल्या नाहीत हे खरे, परंतु उपवन तलावाच्या काठावर बसून सासऱ्यांनी एक वडी बराच वेळ गालात ठेवली आणि शेवटी रुमालात काढली.

त्याच दिवशी जाऊबाईंनी त्या दगडी वडीचे दोन तुकडे केले, मोडलेली कड निरखून पाहिली आणि विचारले, "पाक किती उकळला होतास?" मी पाक केलाच नव्हता. माझ्याजवळच्या कृतीत बटर, साखर आणि सिरप मंद आचेवर वितळवून घ्यावे एवढेच लिहिलेले होते, आणि मी ते अक्षरशः पाळले होते. संक्रांतीला तिळाच्या वड्यांचा पाक पाण्यात थेंब टाकून पारखणारी मी, ओव्हनचा पदार्थ म्हटल्यावर ते सगळे विसरून गेले होते.

भुगा आधी नीट पाहावा

उपाय करण्यापूर्वी बिघाड कोणत्या जातीचा आहे ते ओळखणे आवश्यक आहे, कारण चार वेगळ्या बिघाडांना आपण मोडणे हे एकच नाव देतो. त्यासाठी चिमूटभर भुगा तळहातावर घेऊन उजेडात पाहावा. ओट्सचा प्रत्येक कण सुटा, कोरडा आणि निस्तेज दिसत असेल, तर त्या कणापर्यंत पाक पोहोचलेलाच नाही. कण चकचकीत आहेत, बोटांना तुपकटपणा लागतो, दाबल्यावर गोळा होतो आणि सोडल्यावर लगेच विस्कटतो, तर स्निग्धांश जास्त आणि पाक कच्चा आहे. कणांवर बारीक पांढरट खडे चमकत असतील आणि दातांखाली करकरत असतील, तर साखर विरघळलेली नाही किंवा पाक साखरला आहे. आणि भुगा न होता धारदार तुकडे पडत असतील, तर पाक चिक्कीच्या अवस्थेपर्यंत पुढे गेलेला आहे. माझ्या येऊरच्या डब्यात पहिला आणि तिसरा असे दोन्ही प्रकार एकत्र होते, म्हणून केवळ बटर वाढवून काहीच साधले नाही.

ठाण्याच्या हवेत बटर वडी धरून ठेवत नाही

ब्रिटिश कृती जशीच्या तशी येथे का फसते, याचे मुख्य कारण मला हवामानात सापडले. दुधातील स्निग्धांश साधारणपणे ३२ ते ३५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान पूर्ण वितळतो. ज्या स्वयंपाकघराचे तापमान १८ ते २० अंश असते, तेथे भाजलेला ट्रे ओट्यावर ठेवला की काही वेळात बटर घट्ट होते, आणि ओट्सचे कण एकत्र धरण्याचे काम पाक आणि बटर दोघे मिळून करतात. आपल्याकडे मार्चनंतर दुपारचा पारा ३५ च्या आसपास असतो, आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत तो त्याहून कितीतरी वर जातो. अशा डब्यात बटर घट्ट राहत नाही, तर वंगणासारखे वागते आणि धरलेले कण एकमेकांवरून घसरू देते. बटर वाढवल्यावर वड्या अधिक लवकर सुटल्या, त्याचा उलगडा येथे होतो. जानेवारीच्या सकाळी येऊरला हवा थंड होती हे खरे, पण डबा गाडीच्या मागच्या काचेखाली, थेट उन्हात ठेवलेला होता.

म्हणून ठाणे किंवा नवी मुंबईत फ्लॅपजॅक करताना बटर चवीसाठी आणि मऊपणासाठी आहे असे समजावे, आणि वडी धरून ठेवण्याचा सगळा भार पाकावर टाकावा. पुढचे सर्व उपाय याच एका गोष्टीभोवती फिरतात.

पाक

गोल्डन सिरप हा मधासारखा दिसणारा पाक लंडनमध्ये एब्राम लाइल यांच्या साखर कारखान्यातून १८८३ पासून विकला जाऊ लागला. उसाची साखर शुद्ध करताना उरणाऱ्या द्रवापासून तो तयार होतो, आणि त्यातील साखरेचा बराच भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांच्यात विभागला गेलेला असल्यामुळे तो साखरत नाही. गुलाबजामच्या पाकात आपण लिंबाचे चार थेंब पिळतो ते याच कारणासाठी. आम्लामुळे साखरेचा थोडा भाग अशाच रीतीने विभागला जातो आणि पाकाचे खडे होत नाहीत. फ्लॅपजॅक दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो, यामागे या सिरपचा मोठा वाटा आहे. ते मोठ्या दुकानांत आणि घरपोच सेवांवर मिळते, पण महाग पडते.

त्याऐवजी काय वापरावे याबाबत मी चार प्रयोग केले. काकवी सर्वांत जवळची ठरली. तिचा रंग गडद आणि चव तीव्र असते, त्यामुळे पूर्ण प्रमाणात न घालता निम्मी काकवी आणि निम्मा साखरेचा लिंबू घातलेला दाट पाक घ्यावा. साधा गूळ चालतो, परंतु तो किसून, दोन चमचे पाण्यात पूर्ण विरघळवून गाळून घ्यावा, नाहीतर दाताखाली खर येते. चिक्कीचा गूळ घेतल्यास तो एक उकळी येताच उतरवावा, कारण थंड झाल्यावर तो फार कडक बसतो आणि वडीची सरळ चिक्की होते. मधाबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. मधातील फ्रुक्टोज साखरेपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला करपू लागते, त्यामुळे वडीच्या कडा काळ्या होतात आणि मध्यभाग तसाच ओला राहतो. मध वापरायचाच असेल तर ओव्हनचे तापमान २० अंशांनी उतरवावे. सहलीत एक वर्षाखालील बाळ असेल तर त्याला मध घातलेली वडी चाखायलाही देऊ नये.

आता प्रमाण सांगते. २० सेंटीमीटरच्या चौकोनी ट्रेसाठी ओट्स २५० ग्रॅम, बटर १२५ ग्रॅम, ब्राऊन शुगर किंवा किसलेला गूळ १०० ग्रॅम आणि गोल्डन सिरप किंवा त्याचा वर सांगितलेला पर्याय १०० ग्रॅम घ्यावा. हे सर्व वजनकाट्यावर मोजावे. वाटीने मोजलेले ओट्स वाटी ठोकली की न ठोकली यावर कमीजास्त होतात, आणि त्यातले वीस-तीस ग्रॅम जास्त ओट्स येऊरचा भुगा घडवायला पुरेसे आहेत. आपल्याकडील मिठाच्या बटरमध्ये नियमानुसार किमान ८० टक्के स्निग्धांश, जास्तीत जास्त १६ टक्के ओलावा आणि ३ टक्क्यांपर्यंत मीठ असते, म्हणून वेगळे मीठ अजिबात घालू नये. बटरऐवजी साजूक तूप वापरणाऱ्यांनी १२५ नव्हे तर १०० ग्रॅम तूप घ्यावे आणि गूळ विरघळण्यासाठी दीड चमचा पाणी घालावे, कारण तुपात पाणी जवळजवळ नसतेच. घरी कढवण्यासाठी साठवलेले पांढरे लोणी मात्र वापरू नये. त्यात ताकाचा अंश किती राहिला आहे हे दर वेळी वेगळे असते, आणि त्या ओलाव्याने वडी चिवट होते.

जाड बुडाच्या पातेल्यात बटर, साखर आणि सिरप मंद आचेवर ठेवून साखरेचा कण पूर्ण विरघळेपर्यंत ढवळावे. विरघळण्याआधी उकळी फुटू देऊ नये, कारण उरलेल्या एका खड्याभोवती पुढे सगळा पाक साखरू शकतो. पातेल्याच्या कडेला चिकटलेले कण ओल्या ब्रशने आत लोटावेत. त्यानंतर आच किंचित वाढवून मिश्रण एक ते दीड मिनिट बुडबुडू द्यावे आणि थंड पाण्याच्या वाटीत त्याचा एक थेंब टाकून पाहावा. थेंब पाण्यात विरघळून पसरला तर पाक कच्चा आहे. तळाशी बसून बोटांनी गोळा करता आला, पण बाहेर काढल्यावर चपटा होऊन सैलावला, की गॅस लगेच बंद करावा. थर्मामीटर असल्यास ही अवस्था ११२ अंशांच्या आसपास येते. तिळाच्या वड्यांसाठी आपण पाहतो तो टणक गोळी होणारा पाक येथे नको, आणि वाटीवर आपटल्यावर टण्ण वाजणारा तर मुळीच नको, कारण ओव्हनमध्ये पाकाची पुढची मजल अजून बाकी असते. एवढे उकळताना बटर वर सुटून तरंगू लागले, तर एक चमचा कढत पाणी घालून जोराने घोटावे, ते पुन्हा मिळून येते.

साखर निम्मी करून पाहण्याचा मोह अनेकांना होतो, आणि ओट्स म्हटले की तो अधिकच होतो. मला त्यांची अडचण समजते, तरीही येथे साखर गोडीबरोबर खळीचे काम करते, आणि ती निम्मी केली की वडी बसत नाही. कमी गोड हवे असेल त्यांनी वड्या लहान कापाव्यात.

ओट्स आणि त्यात घातलेली भर

दुकानात मोठ्या सपाट पाकळ्यांचे रोल्ड ओट्स आणि त्यांपेक्षा बारीक, पातळ, झटपट शिजणारे ओट्स असे दोन प्रकार सर्रास मिळतात. नुसत्या मोठ्या पाकळ्या घेतल्या तर त्यांच्यामध्ये पोकळ्या राहतात आणि वडी दिसायला सुंदर, पण धरायला नाजूक होते. नुसते बारीक ओट्स घेतले तर वडी घट्ट बसते, पण खाताना लापशीची आठवण होते. मला पटलेला मार्ग असा, की २५० ग्रॅमपैकी ८० ग्रॅम ओट्स मिक्सरमध्ये दोन-तीन वेळा थांबत फिरवून रव्यासारखे जाडसर करावेत आणि उरलेले अखंड ठेवावेत. हा रवा मोठ्या पाकळ्यांच्या फटींत जाऊन बसतो. मसाला ओट्सचे पाकीट चुकून उघडू नये, हे सांगण्याची वेळ आमच्या घरी आलेली आहे.

गरम पाकात ओट्स घातल्यावर ते तळापासून वर-खाली करावेत आणि झाकण ठेवून दहा मिनिटे मुरू द्यावेत. ओट्समध्ये पाणी शोषून चिकट होणारा बीटा-ग्लुकन नावाचा तंतुमय घटक असतो. बटरमधील आणि सिरपमधील थोडा ओलावा त्याला मिळाला की कण आपोआपच एकमेकांना धरू लागतात. या दहा मिनिटांनी माझा तुपकटपणाचाही बराचसा प्रश्न सुटला, कारण आधी पातेल्याच्या तळाशी साचणारे बटर ओट्समध्ये जिरून गेले.

बेदाणे, बदामाचे काप, भोपळ्याच्या बिया, जवस, सुके खोबरे यांतील जे काही घालायचे ते सर्व मिळून ६० ग्रॅमच्या वर जाऊ देऊ नये. प्रत्येक मूठभर सुक्या जिनसेला माखण्यासाठी पाक लागतो, आणि तो ओट्सच्या वाट्यातून जातो. येऊरच्या डब्यात मी या साऱ्या जिनसा मिळून दोन वाट्या घातल्या होत्या, आणि भुग्यातील कोरडे कण बहुतांशी बियांच्या भोवतालचेच होते. बेदाणे वरच्या थरात राहिले तर फुगून करपतात आणि कडू लागतात, म्हणून ते खाली दाबून वर नुसत्या ओट्सचा थर यावा. वड्या सर्वांसाठी असतील तर सुका मेवा घालण्यापूर्वी कोणाला शेंगदाण्याची किंवा बदामाची ॲलर्जी आहे का, हे विचारून घ्यावे. गहू वर्ज्य असलेल्या माणसासाठी मात्र साधे ओट्स बिनधोक धरू नयेत, कारण शेतात आणि गिरणीत त्यात गव्हाची सरमिसळ सहज होते.

थापणे आणि भाजणे

ट्रेला बटर पेपर लावताना तो दोन बाजूंनी बाहेर येईल एवढा लांब घ्यावा, म्हणजे पुढे सगळी लादी त्या कागदाला धरून उचलता येते. मिश्रण ओतल्यावर ते चमच्याच्या पाठीने सारखे करून थांबू नये. बुडाला तूप लावलेली सपाट वाटी घेऊन, वड्या थापतो तसे कोपऱ्यांपासून मध्याकडे जोर देऊन दाबावे. कोपरे नेहमी सैल राहतात आणि डब्यात प्रथम तेच झडतात. वाटी उचलल्यावर पृष्ठभाग आरशासारखा नसला तरी एकसंध दिसला पाहिजे, आणि जाडी दोन सेंटीमीटरच्या आसपास असावी. पातळ थर लवकर कडक होतो, जाड थर मध्ये कच्चा राहतो.

ओव्हनविषयी थोडे विस्ताराने लिहावे लागेल, कारण आपल्याकडील छोट्या ओटीजीचे (ओव्हन-टोस्टर-ग्रिलचे) वागणे मोठ्या ओव्हनसारखे नसते. कृतीत १८० अंश लिहिलेले असते, पण वीस-तीस लिटरच्या ओटीजीत वरचा रॉड ट्रेपासून बोटभर अंतरावर येतो आणि वरची बाजू करपते, तर मध्यभाग नुसता गरम होतो. शिवाय बटणावर लिहिलेले तापमान आणि आतील खरे तापमान यांत दहा-वीस अंशांचा फरक सहज असतो. ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर फार महाग नसतो, आणि माझ्या ओटीजीत बटण १६० वर असताना आतील काटा १७५ दाखवत होता, हे मला त्यावरूनच कळले. आता मी पंधरा मिनिटे आधी तापवून, ट्रे मधल्या खाचेऐवजी त्याच्या खालच्या खाचेत ठेवून, खरे तापमान १६० राहील अशा बेताने २२ ते २५ मिनिटे भाजते, आणि पंधराव्या मिनिटाला ट्रे उलट दिशेने फिरवते. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये पंखा सतत गरम हवा फिरवत असल्यामुळे १५० अंश आणि २० मिनिटे पुरतात.

भाजून झाले हे ओळखण्याची खूण फसवी आहे. कडा सोनेरी तपकिरी झाल्या, मध्य फिकट सोनेरी आहे आणि बोटाने हलके दाबल्यास अजून खळगा पडतो आहे, तेव्हाच ट्रे बाहेर काढावा. मऊ लागतो म्हणून आणखी दहा मिनिटे ठेवणे, ही माझी तिसऱ्या खेपेची चूक होती. गरम पाक मऊच असतो. तो थंड होताना बसतो, आणि ओव्हनमध्ये टणक लागलेली वडी थंड झाल्यावर सुपारी होते.

कापण्याची वेळ

चौथ्या खेपेला सर्वांत मोठा फरक येथे पडला. ट्रे बाहेर काढून दहा मिनिटांनी, मिश्रण गरम असतानाच, तूप लावलेल्या धारदार सुरीने तळापर्यंत काप द्यावेत, पण वड्या एकमेकींपासून वेगळ्या करू नयेत. थापलेल्या बर्फीला आपण खुणा देतो तसेच हे. पूर्ण थंड झाल्यावर पहिल्यांदाच सुरी लावली तर वडी रेषेवर न कापता वाटेल तशी फुटते, आणि गरम असतानाच वड्या उचलल्या तर त्या हातात लोंबतात आणि मध्ये चिरतात.

त्यानंतर बहुतेक कृतींमध्ये पदार्थ खोलीच्या तापमानाला थंड होऊ द्यावा असे लिहिलेले असते. ज्यांनी ते लिहिले त्यांची खोली आणि आमची खोली यांत दहा-बारा अंशांचे अंतर आहे. एप्रिलमध्ये आमच्या स्वयंपाकघरात रात्री दहालाही ३१ अंश होते, आणि तेवढ्यावर बटर घट्ट होण्याची वाट पाहणे व्यर्थ आहे. म्हणून वाफ पूर्ण निघून गेल्यावर, म्हणजे साधारण दोन तासांनी, ट्रे झाकून एक तास फ्रिजमध्ये ठेवावा आणि मग दिलेल्या कापांवरून सुरी पुन्हा एकदा सरळ खाली दाबून वड्या सोडवाव्यात. करवतीसारखी पुढे-मागे ओढू नये. वाफ असताना फ्रिजमध्ये ठेवल्यास झाकणावर पाणी जमते आणि ते थेंब वड्यांवर पडून वरचा थर चिकट होतो.

डबा, प्रवास आणि पावसाळा

मोठ्या डब्यात मोकळ्या जागेत वड्या ठेवल्या की त्या प्रत्येक गतिरोधकावर एकमेकींवर आपटतात. सपाट बुडाचा, वड्या जेमतेम मावतील असा स्टीलचा डबा घ्यावा, थरांमध्ये बटर पेपर घालावा आणि वर जागा उरल्यास स्वच्छ कापडी रुमालाची घडी दाबून बसवावी. चौथ्या खेपेला मी हा डबा ऐरोलीहून ट्रान्स-हार्बरच्या लोकलने खारघरच्या सेंट्रल पार्कला नेला. सकाळच्या गर्दीत पिशवी छातीशी आडवी धरली होती, आणि तुर्भ्याला आत घुसणाऱ्या लोंढ्याने दोनदा रेटले, तरी सोळाच्या सोळा वड्या शाबूत पोहोचल्या. डबा उभा धरला असता तर खालच्या ओळीवर सगळा भार आला असता. गाडीने जाणाऱ्यांनी तो डिकीत किंवा काचेखाली न ठेवता सीटखाली, सावलीत ठेवावा.

पावसाळ्यात तक्रार उलटी होते. साखर आणि विशेषतः सिरप हवेतील ओलावा ओढून घेतात, त्यामुळे जुलैमध्ये उघड्या ताटलीत राहिलेल्या वड्या अर्ध्या तासात बोटांना चिकटू लागतात. त्या दिवसांत गूळ कमी करून साखर वाढवावी, भाजणे दोन-तीन मिनिटांनी वाढवावे, प्रत्येक वडी स्वतंत्र बटर पेपरमध्ये गुंडाळावी आणि डबा खाण्याच्या क्षणीच उघडावा. पापडाच्या डब्यात ठेवतो तशी तांदळाची पुरचुंडी मी ठेवून पाहिली, तिने काही विशेष फरक पडला नाही.

बिघडलेली खेप टाकून देऊ नये

सहल उद्यावर आली आहे आणि ट्रेमध्ये भुगा आहे, अशी वेळ आली तर सगळा भुगा पातेल्यात घेऊन त्यात दोन मोठे चमचे सिरप किंवा काकवी आणि एक चमचा पाणी घालून मंद आचेवर मिळून येईपर्यंत परतावे, वाटीने पुन्हा घट्ट थापावे आणि १५० अंशांवर दहा-बारा मिनिटे भाजावे. बटर पुन्हा घालू नये. तुपकट भुगा असेल तर सिरपबरोबर दोन-तीन चमचे ओट्सचा रवाही घालावा. दगड झालेल्या वड्या पावाच्या एका स्लाइससोबत बंद डब्यात रात्रभर ठेवल्यास पावातील ओलावा घेऊन बऱ्यापैकी नरमतात, मात्र पाक करपलेला असेल तर त्या कडूच राहतात. आणि डबा सतरंजीवर उघडल्यावरच भुगा निघाला, तर सोबत नेलेल्या दह्यात तो घालावा. आमच्या दिरांना आता तसाच आवडतो, आणि गेल्या वेळी वड्या अखंड निघाल्यावर त्यांनी त्यातल्या दोन स्वतःच चुरून घेतल्या.